इंदूरच्या पतंगांचा नकाशा कसा कराल?

चार्ल्स स्विन्हो या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने इंदूरजवळच्या महूच्या फुलपाखरांची आणि पतंगांची यादी १८८६ साली छापली. आज आपल्याला यादीच्या पुढे जायचं आहे: कोणता पतंग कुठे आहे, कुठे नाही आणि का?

आधी जागा ठरवा. इंदूर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटरवर आहे. जानापावचा डोंगर ८५० मीटरच्या आसपास, तर विंध्याचा घाट उतरून महेश्वरला गेलं की उंची १५० मीटरवर येते. आपली गच्ची, जानापावचा पायथा आणि नर्मदाकाठ, एवढ्या तीन जागा पुरेत. जंगलात बसायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

पावसाळ्यात, अमावस्येच्या आसपास, वारा पडलेला असताना पांढरं धोतर ताणून बांधा आणि त्यापुढे दिवा लावा. तिन्ही जागी बल्ब तोच हवा, वेळही तीच: अंधार पडल्यापासून तीन तास. एक जागा जूनमध्ये आणि दुसरी सप्टेंबरमध्ये पाहिलीत, तर दिसलेला फरक जागेचा की ऋतूचा, हे कळणारच नाही. शेजारी पट्टी धरून फोटो काढा. दिवा बंद केल्यावर धोतर हलकेच झटका, नाहीतर पहाटे कोतवाल आणि साळुंक्या सगळे पतंग टिपतात. काहीच आलं नाही, तरी तारखेसह शून्य लिहा. नवखे लोक नेमकी हीच नोंद गाळतात.

आता खरं काम. दिव्यावर आलेला पतंग पाहुणा असू शकतो, पानावरची अळी मात्र तिथलीच. कण्हेरीवरचा हिरवा-गुलाबी पतंग लांबचा प्रवास करणारा, तो धोतरावर बसला म्हणून त्या गावचा ठरत नाही. म्हणून दिवसा कण्हेरीची पानं उलटून बघा. अळी हिरवीगार, शेपटीशी पिवळसर शिंग. डिवचली की मान आत घेते आणि दोन निळे डोळे वटारते. ते डोळे नसून नुसते ठिपके असतात! ही अळी सापडली, की त्या जागेवर पक्की खूण करा. शहरात घरोघरी कण्हेर लावलेली असते, म्हणून तिथे ती शोधायला जंगलात जावं लागत नाही.

टसर रेशमाचा पतंग मात्र मुख्यतः ऐन-अर्जुनासारख्या झाडांशी बांधलेला. पानगळीनंतर त्याचे टणक कोश फांदीला देठाने लोंबताना सहज दिसतात, म्हणून हिवाळा सरतानाही एक फेरी मारा. सागाच्या पानाची नुसती जाळी उरली असेल, तर तीही टिपून ठेवा; तेही एका पतंगाच्या अळीचं काम असतं.

शेवटी नकाशावर अळी किंवा कोशासाठी भरीव ठिपका, फक्त दिव्यावर दिसलेल्यासाठी पोकळ वर्तुळ, शून्यासाठी फुली. प्रत्येक खुणेपाशी तारीख, उंची आणि जवळची झाडं लिहा. पुढच्या पावसाळ्यात पोकळ वर्तुळांच्या जागांपासून सुरुवात करा, आणि या वेळी दिव्याआधी झाडं बघा.