जर्मनीत नर्सिंगचे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी

दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आमच्या वॉर्डात नवे प्रशिक्षणार्थी येतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांत महाराष्ट्रातून आलेली एखादी मुलगी किंवा मुलगा असतोच. मी स्वतः २०१४ मध्ये सांगली जिल्ह्यातून श्टुटगार्टच्या परिसरात आले, एक वर्ष वृद्धाश्रमात स्वयंसेवेचे केले, त्यानंतर तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे नर्सिंगची शाळा आणि रुग्णालयातला सराव मिळून होणारे पगारी प्रशिक्षण, पूर्ण केली आणि आता नव्या मुलांना प्रत्यक्ष वॉर्डात शिकवण्याचे, म्हणजे प्राक्सिसआनलाइटरचे, काम करते. मी जिथे ठेचकाळले नेमकी तिथेच ही मुले ठेचकाळताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांचे भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले आहे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षे देण्याआधी आपल्या शिक्षणाला मान्यता मिळवण्याचा मार्ग तपासावा. खालचा मजकूर बारावीनंतर थेट प्रशिक्षणाला येणाऱ्यांसाठी आहे.

सर्वांत आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका. प्रत्यक्ष सराव सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले होते. सकाळी सहाच्या सुमारास रात्रपाळीची नर्स एकेका रुग्णाची माहिती आमच्या हवाली करत होती आणि एका आजोबांविषयी तिने ‘ब्लाइब्ट न्यूख्टर्न’ असे दोनच शब्द सांगितले. न्यूख्टर्न हा शब्द मी पुण्याच्या वर्गात ‘दारू न प्यालेला’ या अर्थाने पाठ केला होता. रुग्णालयात त्याचा अर्थ उपाशीपोटी असा होतो, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ‘सगळे समजले ना?’ असे विचारले आणि मी ‘या, या’, म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, हो’, म्हणत मान डोलावली. साडेसात वाजता मी त्या आजोबांपुढे न्याहारीचा ट्रे ठेवला, त्यांना नीट बसवले, पावाला लोणी लावून दिले, वर चीजचा काप ठेवला आणि कॉफीत दूध घातले. वयामुळे ते थोडे गोंधळलेले असत. समोर आले ते त्यांनी समाधानाने खाल्ले. नऊ वाजता त्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरलेली होती. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसांत जाऊ शकते, म्हणून शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली आणि त्या आजोबांना दोन दिवस जास्त दुखणे सोसावे लागले.

त्या दुपारी मार्गदर्शक बाईंनी मला खोलीत बसवून जे सांगितले ते आजही माझ्या कानात आहे. ‘तुला शब्द आला नाही म्हणून तुला कोणी घरी पाठवणार नाही, कळले नसताना हो म्हणालीस म्हणून मात्र पाठवू शकतात.’ प्रशिक्षणाचे पहिले सहा महिने प्रोबेशनचे असतात आणि त्या मुदतीत करार कधीही मोडता येतो, तेव्हा हे पोकळ बोलणे नव्हते. माझ्या चुकीची नोंद शाळेपर्यंत गेली आणि पुढचे चार महिने मी श्वास रोखून काढले.

आपल्याकडे मोठ्या माणसाने ‘समजले का?’ असे विचारले की ‘हो’ म्हणण्याचे वळण लहानपणापासून अंगी लागलेले असते. पुन्हा विचारणे म्हणजे समोरच्याचा वेळ खाणे किंवा आपले अज्ञान उघडे करणे, असे आपण मानतो. इथे नेमके उलटे आहे. जो पुन्हा विचारतो त्याच्यावर विश्वास टाकला जातो, आणि जो सगळ्याला मान हलवतो त्याच्याकडे दुसऱ्या आठवड्यापासून कोणी महत्त्वाचे काम देत नाही. त्यातही आपली मान डोलावण्याची तऱ्हा जर्मन माणसाला होकार वाटते की नकार, हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नाही, त्यामुळे उत्तर तोंडाने द्या. ‘दास हाबे इश निश्ट फरश्टांडन’, म्हणजे ‘हे मला समजले नाही’, हे वाक्य विमानात बसण्यापूर्वी इतक्या वेळा म्हणा की ते न अडखळता बाहेर पडेल. त्याहून चांगली सवय म्हणजे ऐकलेली सूचना आपल्या शब्दांत परत बोलून दाखवणे. मी त्या दिवशी ‘म्हणजे त्यांनी दारू प्यायची नाही’ असे मोठ्याने म्हटले असते तर खोलीत हशा पिकला असता आणि आजोबांची शस्त्रक्रिया वेळेवर झाली असती.

जर्मन भाषेचे बी-टू पातळीचे प्रमाणपत्र तुम्हाला दारापर्यंत आणते, पण वर्गातली जर्मन भाषा आणि वॉर्डातली जर्मन भाषा यांत पुण्याची मराठी आणि चंदगडकडची बोली यांच्याइतके अंतर आहे. आमच्या भागातले वृद्ध लोक श्वाबी बोली बोलतात. त्यांच्या बोलण्यात ‘फूस’ म्हणजे फक्त पाऊल नसून मांडीपर्यंतचा सगळा पाय असतो, त्यामुळे ‘फूस दुखतो’ असे ऐकल्यावर नेमके कुठे ते हात लावून दाखवायला सांगावे लागते. ‘हेबन’ म्हणजे पुस्तकात उचलणे, यांच्याकडे धरणे. एखाद्या आजींनी ‘टेपिश’ मागितला तर त्यांना गालिचा नव्हे, लोकरीचे पांघरूण हवे असते. तुम्ही ज्या राज्यात जाणार तिथली बोली वेगळी असेल, पण शाळा सुरू होण्यापूर्वीचे तीन-चार महिने व्याकरणाची आणखी पुस्तके सोडवण्यापेक्षा त्या प्रदेशाचा रेडिओ रोज तासभर ऐका. आमच्याकडे एसडब्ल्यूआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेची केंद्रे आहेत. ऐकून झाले की काय कळले ते चार ओळींत जर्मनमध्ये लिहा. वॉर्डात पाळी बदलताना तुम्हाला नेमके हेच करायचे आहे. शरीररचनेचे ग्रंथ आधीच वाचून येण्याची गरज नाही, ते शाळा शिकवते. अवयवांची, शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींची आणि दुखण्याच्या प्रकारांची साधी घरगुती नावे मात्र पाठ असू द्या, कारण कोणतीही आजी ‘मला मलावरोध झाला आहे’ असे वैद्यकीय भाषेत सांगत नाही.

दुसरी गोष्ट आईवडिलांनीही वाचावी अशी माझी इच्छा आहे. भारतात रुग्णाचे अंग पुसणे, त्याला भरवणे, बेडपॅन देणे ही कामे नातेवाईक, आया किंवा मावशी करतात आणि नर्स इंजेक्शन, सलाईन आणि औषधे पाहते. जर्मनीत रुग्णापाशी नातेवाईक राहत नाहीत आणि अंघोळ घालण्यापासून डायपर बदलण्यापर्यंतची सगळी शुश्रूषा हा नर्सच्या कामाचा गाभा मानला जातो. अभ्यासक्रमही तिथूनच सुरू होतो; सुरुवातीचे मोठे प्रकरण माणसाला हालचालीत आणि स्वतःची काळजी घेण्यात साहाय्य करण्याचे आहे. ‘आमच्या मुलीला तिथे आयाचे काम देतात’ अशी तक्रार करणारे फोन मी ऐकले आहेत आणि त्यापायी चांगल्या मुली तिसऱ्या महिन्यात परत गेलेल्या पाहिल्या आहेत. त्यांना हे आधी कोणी सांगितले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

हे काम किती बारकाईचे आहे ते एकदा पाहिल्याशिवाय कळत नाही. दार वाजवून आत जायचे, नाव घेऊन नमस्कार करायचा, खिडकी लावून पडदा ओढायचा. पाण्यात रुग्णाला स्वतःची बोटे बुडवून पाहू द्यायची, कारण पाणी किती कोमट हवे हे त्याने ठरवायचे असते. चेहऱ्याला साबण हवा की नको हे विचारायचे. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवायचा आणि बाकीचे अंग टॉवेलने झाकायचे. गुप्तांगांसाठी वेगळे कापड वापरायचे आणि ते पुन्हा वर आणायचे नाही. पाठ धुताना माकडहाडाजवळची आणि टाचांवरची त्वचा लाल झाली आहे का, दाबल्यावर ती लाली जाते की राहते, हे पाहायचे, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम तिथूनच सुरू होते. जो हात माणूस स्वतः धुऊ शकतो तो त्यालाच धुऊ द्यायचा. आपल्या घरात आजारी आजी किंवा आजोबा असतील तर निघण्यापूर्वी काही दिवस आईच्या बरोबरीने त्यांचे करा. पहिल्या दिवशी परक्या पुरुषाचे किंवा परक्या बाईचे अंग पुसताना जो संकोच होतो तो सगळ्यांनाच होतो, जर्मन मुलांनाही होतो, आणि तो मार्गदर्शकाला सांगितला तर कोणी वाईट मानत नाही.

बांगड्या, अंगठी, घड्याळ, हातातला गंडा यांपैकी काहीही कोपराखाली चालत नाही, नखे छोटी आणि रंगाशिवाय ठेवावी लागतात. लग्न झालेल्या मुलींनी हे घरच्यांना आधीच सांगावे, म्हणजे पहिल्या व्हिडिओ कॉलमध्ये मोकळे हात पाहून सासूबाईंना धक्का बसणार नाही.

आता हजेरी. २०२० पासून लागू असलेल्या नव्या कायद्यानुसार तीन वर्षांत किमान २१०० तास शाळा आणि २५०० तास प्रत्यक्ष सराव पूर्ण करावा लागतो आणि दोन्हींत दहा टक्क्यांपर्यंतचीच गैरहजेरी चालवून घेतली जाते. आजारपणही त्याच दहा टक्क्यांत मोजले जाते. हक्काची सुटी त्यात धरत नाहीत, पण शाळेचे आठवडे चालू असताना सुटी मिळत नाही, म्हणून भावाच्या लग्नाची किंवा गणपतीची तिकिटे वर्षाचे वेळापत्रक हातात आल्याशिवाय काढू नका. आजारी पडलात तर पाळी सुरू होण्यापूर्वी फोन करा. मैत्रिणीकडून निरोप पाठवणे म्हणजे न कळवणेच.

कागदपत्रांविषयी पुष्कळ माहिती सगळीकडे मिळते, म्हणून फक्त जिथे आपली मुले अडकतात तेवढेच लिहिते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आणि जर्मन कार्यालयाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. लग्नानंतर नाव बदललेले असेल तर गुंता आणखी वाढतो. सर्व कागदांवरचे नाव अक्षरशः एकच आहे का ते भारतातच तपासा आणि भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग ठेवायला सांगा. अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारल्या जाणाऱ्या शिक्क्यासाठी, कोणाला पैसे देण्यापूर्वी इथल्या कार्यालयाला विचारा. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू झाला नाही, तरीही एजंट तो शिक्का सर्रास विकतात. गोवराच्या दोन लशींचा पुरावा लागतो, आणि लहानपणीचे लसीकरणाचे पुस्तक हरवले असेल तर रक्ततपासणी करून घ्या.

इथे उतरल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. त्यानंतर लगेच एक काम करा जे कोणी सांगत नाही: पत्रपेटीवर आपले आडनाव चिकटवा. या देशात टपाल खोलीच्या क्रमांकावर नव्हे तर पेटीवरच्या नावावर येते आणि नाव नसेल तर पत्र परत जाते. कर क्रमांक, विम्याचे कार्ड, बँकेचा पिन, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख हे सगळे टपालानेच येते. कर क्रमांक वेळेत पोचला नाही तर सहाव्या कर-वर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त कपातीच्या वर्गाने, कर कापला जाऊ शकतो आणि पहिल्याच पगाराला मोठी कात्री लागते.

पगार चांगला आहे, पण एजंट सांगतो तेवढा नव्हे. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारात २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला दरमहा सुमारे १३४० युरो होते आणि विम्याची व पेन्शनची कपात होऊन हातात हजाराच्या थोडे वर पडत. तो पगारही महिन्याच्या अखेरीस मिळतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च बरोबर आणा. आणि हे ठळकपणे सांगते: या प्रशिक्षणाला शाळेची फी नसते, आणि प्रशिक्षणासाठी तुमच्याकडून पैसे घेण्याचे कलम करारात असले तरी कायद्याने ते रद्दबातल ठरते. भाषेचा वर्ग, व्हिसा, विमान आणि भाषांतर एवढाच खरा खर्च. ‘शाळेची जागा राखून ठेवण्यासाठी’ लाखो रुपये मागणारा माणूस मराठी असो, आपल्या तालुक्यातला असो, त्याच्यापासून दूर राहा. शेत गहाण ठेवून आलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांचा अर्धा पगार दोन वर्षे त्या कर्जात गेला.

इथल्या आपल्या लोकांविषयीही थोडे. श्टुटगार्टमध्ये मराठी माणसे भरपूर आहेत आणि बहुतेक मोटार उद्योगात अभियंते आहेत. गणपतीत, दिवाळीत ते प्रेमाने बोलावतील, पुरणपोळीचा डबाही देतील, पण त्यांतले काही ‘नर्सिंगच का निवडलेत?’ असे विचारतील आणि ते तुम्हाला लागेल. त्यांचा राग धरू नका, मात्र प्रशिक्षणाविषयीचा सल्लाही त्यांच्याकडून घेऊ नका, कारण त्यांचा व्हिसा, त्यांचे नियम आणि त्यांची जर्मन भाषा वेगळी आहे. त्यापेक्षा वॉर्डातल्या केरळच्या ताईंना विचारा. मला पहिल्या हिवाळ्यात कोणते बूट घ्यावेत इथपासून परीक्षेत काय विचारतात इथपर्यंत सगळे त्यांनीच शिकवले. राहायला मात्र शक्यतो जर्मन किंवा इतर देशांच्या मुलांबरोबर खोली घ्या. तीन मराठी मुली एका घरात राहिल्या की संध्याकाळ सुखाची जाते आणि भाषा तिथेच थांबते.

शाळेच्या आधीच्या रविवारी पहाटे उठून रुग्णालयापर्यंतचा प्रवास एकदा प्रत्यक्ष करून पाहा. सकाळची पाळी सहाच्या आसपास सुरू होते, लहान गावांत रविवारी पहिली बस त्यानंतर निघते, आणि सायकल घ्यायची की रुग्णालयाच्या वसतिगृहात खोली मागायची हे तुम्हाला त्या दिवशीच कळेल.