सायकलच्या लेबलवरचा ‘एम’ (मध्यम माप) सोडून रीच मोजला, तेव्हा माप जुळलं

तक्रार अशी होती: चढावर हात ताणलेले, तळवे बधिर, वळणावर पुढचं चाक घसरतं. सीट पुढे सरकवून पाहिली. उपयोग झाला नाही, उलट गुडघ्यावर ताण आला. सीट पेडलच्या हिशोबानं लावायची असते, हँडलच्या नव्हे.

मग फ्रेमच मोजली. सपाट फरशीवर सायकल भिंतीलगत सरळ उभी केली. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाची जागा) मध्यातून ओळंब्यानं उभी रेघ, हेड ट्यूबच्या (हँडलखालची पुढची नळी) वरच्या तोंडाच्या मध्यातून आडवी. उभ्या रेघेपासून हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच, बॉटम ब्रॅकेटपासून आडव्या रेघेपर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक. उभं राहून चालवताना रीच जाणवतो. बसल्यावर मात्र सीट ट्यूबचा (सीटखालची नळी) कोनही मोजावा लागतो. रीच ४५० आणि स्टॅक ६२० मिमी असताना सीट ट्यूबच्या ७४ अंशांना टॉप ट्यूबचं आडवं माप (हेड ट्यूबपासून सीटच्या दांड्यापर्यंत) सुमारे ६२८ येतं, ७६ अंशांना ६०५. एकाच ‘एम’मध्ये २३ मिमीचा फरक!

दुरुस्ती: ७० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) काढून ५० चा लावला, त्याच्या खाली १० मिमीचा स्पेसर (कडी) सरकवला. ६६ अंशांच्या हेड अँगलला (हेड ट्यूबचा कोन) एकट्या स्पेसरनं हँडल ९ मिमी वर आणि ४ मिमी मागे येतं. कसताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, मग स्टेमचे; क्रम चुकला तर हेडसेट (हेड ट्यूबमधले बेअरिंग) खडखडतो.

रीच २५-३० मिमीनं जास्त असेल, तर स्टेम आखूड करत बसू नका. लहान फ्रेम घ्या.