पीएची ड्युटी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स : प्रवेशाआधीची तयारी

मास्टर्स नेमकं कशात करायचं हे आधी ठरवा, कारण इथेच बऱ्याच जणांचा बेत बदलतो. कार्डियाक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बायपाससाठी पायाची व्हेन काढून देणाऱ्या किंवा आयसीयूत राउंडच्या नोट्स लिहिणाऱ्या पीएला, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या फिजिशियन असोसिएटला (असिस्टंटला), वाटतं की पुढचंही क्लिनिकलच शिकू, फक्त घरी बसून. आपल्याकडे ते जमणार नाही. फिजिशियन असोसिएट हा व्यवसाय २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात येतो, आणि त्या कायद्याखालचे विषय ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने शिकवायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मनाई केली आहे. सायकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, क्लिनिकल न्यूट्रिशनही त्यात गेले. क्लिनिकल मास्टर्सच हवं असेल तर पूर्णवेळ कोर्स शोधा आणि बचतीचा हिशेब वेगळा मांडा. नोकरी सांभाळून करण्यासारखं उरतं ते मुख्यतः व्यवस्थापनाकडचं, म्हणजे एमबीए.

त्या एमबीएने ओटीतलं तुमचं स्थान बदलत नाही. सही डॉक्टरांचीच, देखरेखही त्यांचीच. क्वालिटी विभाग, एनएबीएचचं (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाचं) काम, ऑपरेशन्स, विमा-टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मधली कंपनी), क्लिनिकल रिसर्च अशा खुर्च्यांकडे जायचं असेल तर पदवी कामाची. नुसतं नावापुढे काहीतरी लागावं म्हणून दोन वर्षं घालवू नयेत, असं माझं मत. आणि अमेरिकेत पीए व्हायचा विचार असेल, तर तिथली पॅन्स ही पात्रता परीक्षा फक्त एआरसी-पीए या तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या तिथल्या प्रोग्रॅममधून उत्तीर्ण झालेल्यांनाच देता येते. कुठलंही ऑनलाइन मास्टर्स तो रस्ता उघडत नाही, जाहिरातीत मागे कितीही झेंडे फडकत असोत.

विद्यापीठ निवडताना टेलिकॉलरचं ऐकून घ्या, पण तपासा यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या पोर्टलवर. नुसतं विद्यापीठाचं नाव सापडून भागत नाही. तुमचा कोर्स, ऑनलाइन पद्धत आणि तुमचं सत्र, तिन्हींना मान्यता दिसली पाहिजे. ती दिसत असेल तर पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरली जाते, तसं यूजीसीने २०२२मध्ये जाहीर केलेलं आहे. एचआरने नाक मुरडलं तर त्या सूचनेची प्रत पुढे करा. एखादी एडटेक कंपनी परदेशी विद्यापीठाशी टाय-अप दाखवून पदवी विकत असेल तर लांब राहा, यूजीसीने त्याबद्दल उघड इशारा दिलेला आहे. मधल्या ‘सेंटर’च्या खात्यात फी भरू नका. विद्यापीठाच्याच खात्यात भरा आणि पावती विद्यापीठाच्याच नावाची घ्या.

आता कागदपत्रं, आणि महाराष्ट्रात खरी डोकेदुखी तीच. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. बी.एस्सी.च्या मार्कशीटवर कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक आवृत्ती. प्रवेशासाठी डीईबी-आयडी (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा ओळख क्रमांक) लागतो, त्याआधी एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा), आणि हे सगळं आधारशी जोडलेलं. नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते आणि प्रवेशाची शेवटची तारीख निघून जाते. म्हणून फॉर्म उघडण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं शेजारी-शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. आधार दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, जे लागेल ते आधी करून घ्या. याच वेळी जुन्या विद्यापीठाकडे मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज टाका. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं पत्र आणि नोकरीचं अनुभवपत्रही काढून ठेवा. अनुभवपत्र मागायला गेलात की आस्थापना विभागात सगळ्यांना कळणारच, तेव्हा एनओसीचा अर्जही त्याच फेरीत द्या.

पैशांचं थोडक्यात. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बहुतेक वेळा वित्तकंपनीकडचं कर्ज असतं. कोर्स अर्ध्यावर सोडला तरी हप्ता कापला जातो, तेव्हा करार वाचूनच सही करा. रीतसर शैक्षणिक कर्ज घेतलं तर व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

फीपेक्षा जास्त घासाघीस रोस्टरवर करावी लागते. अभ्यासक्रमाचा वेग तुमच्या नाइट बघून कमी होत नाही. अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के, बाकी सत्राखेरची परीक्षा. म्हणजे असाइनमेंटवर तरून जाऊ हा हिशेब चुकीचा. परीक्षेचा आठवडा अंदाजे कधी येतो हे मागच्या सत्राच्या वेळापत्रकावरून काढा आणि इन्चार्ज सिस्टरना, कन्सल्टंटना आधीच सांगा. “मॅडम, डिसेंबरात मला नाइट देऊ नका, त्याऐवजी दिवाळीची ड्युटी मी घेतो,” असं काहीतरी देऊनच मागणं चालतं. नाइटमध्ये वाचू, असं मनाशी धरू नका. रात्री तीनला बेड नंबर सातच्या पेशंटचं ब्लडप्रेशर पडतं तेव्हा मार्केटिंगचं प्रकरण तसंच उघडं राहतं. वाचन नाइट-ऑफच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, झोप झाल्यावर. लाइव्ह लेक्चरची रेकॉर्डिंग किती दिवस उपलब्ध राहते आणि हजेरीत धरली जाते का, हेही प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

प्रोजेक्टचा विचार शेवटच्या सत्रापर्यंत ढकलू नका. इथे पीएकडे इतरांकडे नसलेली गोष्ट असते. डिस्चार्ज समरी तुम्हीच लिहिता. डॉक्टर सकाळच्या राउंडला “आज सोडा” म्हणतात आणि पेशंट संध्याकाळी घरी जातो. मधल्या वेळात समरीवर सही कधी झाली, फार्मसीचं रिटर्न कधी लागलं, बिल कधी बंद झालं, टीपीएचं अंतिम अप्रूव्हल कधी आलं, हे टप्पे तुमच्या डोळ्यांसमोर घडतात. एवढाच विषय घेऊन वेळा टिपल्या तरी प्रोजेक्ट उभा राहतो, आणि व्यवस्थापनालाही तो वाचावासा वाटेल. मात्र एकही आकडा उचलण्याआधी मेडिकल सुपरिंटेंडंटची लेखी परवानगी आणि गरजेप्रमाणे एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. पेशंटचं नाव, यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट क्रमांक), फोन नंबर तुमच्या एक्सेलमध्ये येताच कामा नये. वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फोटो उचलून ‘केस स्टडी’ करणं तर सरळ नोकरीवर बेतेल.

परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर द्यायची असेल तर हॉस्पिटलचा लॅपटॉप चालणार नाही. परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायला त्यात ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो आयटी विभाग देत नाही. वेबकॅम असलेला स्वतःचा लॅपटॉप घ्या, चार्ज धरणारा. वायफाय गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमचा ठेवा. मॉक टेस्ट देतात, ती त्याच खोलीत, त्याच टेबलावर द्या. वन-बीएचके असेल तर घरच्यांना तारखा आत्ताच सांगून ठेवा. परीक्षा चालू असताना मागून कुणी चहा घेऊन आलं की सॉफ्टवेअर दुसरा चेहरा टिपतं, आणि मग खुलाशाचे ईमेल तुम्हालाच लिहावे लागतात.