प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी निवासी संस्था कशी तपासावी

आई-वडील सत्तरीला टेकले की पुण्यातल्या अनेक घरांत संस्थेचा शोध सुरू होतो. मग बाग, इमारत आणि फी बघून निर्णय होतो. खरी काळजी कशी घेतली जाते ते मात्र संध्याकाळी सात वाजता, रात्री दोनला आणि औषधांच्या वहीत कळतं. तिथेच बघायला हवं.

आधी कागद. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि मुदत, मंजूर संख्या, वयोगट हे तपासा. परवानगी निवासाची आहे की फक्त शाळेची किंवा कार्यशाळेची, हेही वाचा. गफलत बहुधा इथेच असते. मग खाटा मोजा. मंजूर संख्या 25 आणि खाटा 35 असतील तर पुढे जाऊ नका. शंका असेल तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च पथावर आहे. तिथे विचारता येतं.

पहिली भेट ठरवून घ्या. दुसरी न सांगता, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान. दिवसपाळीची माणसं गेलेली असतात आणि जेवण, गोळ्या, अंथरुणं सगळं एकदम येतं. सहाला जेवण उरकून साडेसातला सगळे अंथरुणात दिसले, तर वेळापत्रक कर्मचाऱ्यांच्या सोयीने आखलंय. भरवणाऱ्या मावशी समोर बसून भरवतात की उभ्याने, तेही बघा. उभ्याने भरवताना माणसाची मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. अशा व्यक्तींमध्ये न्यूमोनियाचं हे एक मोठं कारण आहे. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आधीचा गिळल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना वारंवार खोकला येत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडून गिळण्याची तपासणी करून घ्यायला हवी. नुसती पोळी वरणात कुस्करून भागत नाही.

न्हाणीघर स्वतः आत जाऊन बघा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल तर ते धोक्याचं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बादलीत आधी गार, मग गरम पाणी घालतात का? कडी बाहेरून उघडता येते का? टूथब्रश, टॉवेल, आतले कपडे ज्याचे त्याचे, नाव घातलेले आहेत का? ढिगातून हाताला येईल ते घालायचं असेल, तर बाकीच्या काळजीचाही अंदाज येतो.

रात्रीबद्दल एकच प्रश्न विचारा: जागं कोण असतं? आवारात झोपलेला रखवालदार हे उत्तर चालणार नाही. ज्यांना फिट येतात त्यांच्यासाठी तर नाहीच. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली की 108 ला फोन करायचा, कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, हे रात्रपाळीच्या माणसाला विचारून बघा, व्यवस्थापकाला नाही. मुळशी-वेल्ह्याकडच्या संस्थेत पावसाळ्यात वीज आणि रस्ता दोन्ही बंद पडले तर गाडी कुठली, चालक कोण आणि रुग्णालय कोणतं, तेही आधीच ठरलेलं हवं.

औषधांची वही हातात घेऊन वाचा. दुपारी एक वाजता रात्रीच्या गोळीपुढे सही झालेली दिसली, तर वही खोटी आहे. प्रत्येक डोसपुढे वेळ आणि देणाऱ्याची सही हवी, आणि न दिलेल्या डोसचं कारणही. फिटची गोळी चुकणं किंवा सुट्टीहून येताना संपणं हे फिट वाढण्याचं नेहमीचं कारण आहे. किमान पंधरा दिवसांचा साठा ठेवा.

‘चिडचिड वाढली’ म्हणून झोपेची किंवा मानसोपचाराची गोळी वाढवण्याआधी दात, कान, लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता तपासलीच पाहिजे. न बोलणारी व्यक्ती दुखणं वागण्यातूनच सांगते. मानसोपचाराच्या अनेक औषधांनी पोट साफ होत नाही आणि दुर्लक्ष झालं तर आतडी तुंबून जीवही जाऊ शकतो. म्हणून शौचाची नोंद रोज हवी आणि वजन दर महिन्याला. सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटलं तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची तपासणी वर्षातून एकदा, आणि चाळिशीनंतर स्मरणशक्तीवर लक्ष. तिथे विस्मरणाचा आजार लवकर येतो.

स्त्रियांबाबत जास्त खोलात विचारा. आंघोळीला आणि पाळीत मदत स्त्रीच करते का, पॅड कोण बदलतं, किती वेळाने. 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, आणि कारण पाळीतल्या स्वच्छतेचं दिलं गेलं. आज दिव्यांग हक्क अधिनियमाच्या दहाव्या कलमानुसार व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही. कोणी हा ‘उपाय’ सुचवला तर ती संस्था सोडा. अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांबरोबरच कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही माहिती देता येते, सातव्या कलमाखाली.

प्रवेश एकदम करू नका. आधी एक दिवस, मग दोन रात्री, मग दहा दिवस. जाताना आणि येताना वजन करा, अंगावरचे वळ-जखमा बघा. सोबत दोन पानी माहितीपत्रक द्या: दुखलं की काय करतो, गोळी कशात घालून घेतो, कशाला घाबरतो, रात्री किती वेळा उठतो. ‘सवय होईपर्यंत महिनाभर भेटायला येऊ नका’ असं सांगणारी संस्था आम्ही सुचवणार नाही. भेटीला अशी बंदी असेल तर आत काय चाललंय ते तुम्हाला कळणारच नाही.

अठरा वर्षांनंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. तुमच्या पश्चात कोण, ते भावंडांशी आत्ताच बोलून ठेवा. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमाही मिळतो.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: फी दरवर्षी किती वाढेल, डिपॉझिट कधी परत मिळेल, आणि व्यक्ती अंथरुणाला खिळली किंवा विस्मरण सुरू झालं तर संस्था तिला ठेवणार का. ‘तेव्हा बघू’ असं उत्तर मिळालं तर व्यक्तीला काढण्याआधी किमान 90 दिवसांची लेखी सूचना मिळेल असं करारात मागा.