जुनी मोटारसायकल घेताना आधी आरसीवरचा बोजा पाहावा

तीन वर्षांपूर्वी मी साताऱ्यात पाच वर्षे वापरलेली दीडशे सीसीची मोटारसायकल घेतली. तिचे इंजिन तेव्हाही उत्तम होते आणि आजही आहे, परंतु ती माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले, कारण आरसीवरची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरची, एक ओळ मी वाचली नव्हती. आता धाकटा भाऊ जुनी गाडी शोधतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवावेत. मालकाचे नाव आणि नोंदणीची तारीख सगळेच पाहतात. त्यापुढे जाऊन आरसीवर एखाद्या बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव आहे का, ते शोधावे. असेल तर गाडीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे, मग विक्रेता काहीही सांगो. सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून हीच नोंद पुन्हा तपासावी.

मला विक्रेत्याने कर्जखाते बंद झाल्याचे पत्र दाखवले होते. त्यावर गोल शिक्का होता, सही होती, बाकी शून्य असल्याचे लिहिले होते आणि तेवढ्यावर विसंबून मी सगळी रक्कम देऊन टाकली. कर्ज खरोखरच फिटलेले होते. पण कर्ज फिटणे वेगळे आणि आरसीवरचा बोजा उतरणे वेगळे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ नुसार ज्याचा बोजा आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बोजा उतरवण्यासाठी फायनान्सरची (कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा कंपनीची) एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि त्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. माझ्या विक्रेत्याकडून हे दोन्ही कागद गहाळ झाले होते, कर्ज देणारी शाखा बंद झाली होती, नवी प्रत फक्त मूळ कर्जदाराच्या अर्जावर मिळणार होती आणि पैसे हाती आल्यावर त्या कर्जदाराला कसलीच निकड उरली नव्हती. म्हणून फॉर्म ३५ नाव घेऊन मागावा. ‘एनओसी आहे’ एवढे ऐकून थांबू नये, कारण परराज्यात गाडी नेण्यासाठी आरटीओ देते त्या फॉर्म २८ लाही लोक एनओसीच म्हणतात आणि त्याने बोजा उतरत नाही. बोजा असेल तर तो विक्रेत्यानेच आधी उतरवून द्यावा. तोपर्यंत थोड्या विसारापलीकडे काही देऊ नये.

गाडी सकाळी पाहावी आणि आपण पोहोचण्याआधी ती सुरू करू नये असे बजावून ठेवावे. इंजिनवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण सुरू होण्यातली अडचण आणि धूर थंड इंजिनातच नीट कळतात. निळसर धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकले तर कोनसेट (हँडलच्या दांड्यातले बेअरिंग) गेला आहे. फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) चकचकीत नळीवरून बोट फिरवावे, तेल लागले तर ऑइल सील बदलावे लागेल. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर एकेक अक्षर आरसीशी ताडून पाहावा. तेथे घासल्याची किंवा नव्या रंगाची खूण दिसली तर भाव न करता परत यावे. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते, म्हणजे २३२१ हा २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चेन, ब्रेक, लाइट यांसाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा.

थकलेली ई-चलने विक्रेत्याने भरावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसली आहे का, ते पाहावे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र विक्रेत्याकडेच राहतो.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सह्या घ्याव्यात, कोरे घेऊ नयेत. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर त्याला सांगावे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्कम बँकेतून द्यावी, पावतीवर तारखेसह वेळ लिहावी, दुसरी किल्ली घ्यावी. आणि रक्कम पाठवण्यापूर्वी, त्याच ठिकाणी उभे राहून, एमपरिवाहनवर नंबर पुन्हा टाकावा. फायनान्सरचे नाव अजून दिसत असेल, तर व्यवहार त्या दिवशी करू नये.