कॉइल बदलण्याआधी सर्किट तपासा : सोलापुरातील एका मोटार मेकॅनिकचा अनुभव

स्कॅनरच्या पडद्यावर पी ०३५२ हा कोड आला की दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाब पुरवणारा भाग) काढायची आणि नवी बसवायची, एवढाच अर्थ आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुले त्यातून घेतात. प्रत्यक्षात ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, कॉइल तपासलेली नसते. कॉइलकडे जाणाऱ्या तारेवर त्याला जो व्होल्टेजचा किंवा प्रवाहाचा बदल अपेक्षित होता तो दिसला नाही, इतकेच तो कळवत असतो. दोष कॉइलमध्ये असेल, तिला १२ व्होल्ट पुरवणाऱ्या तारेत असेल, अर्थिंगमध्ये, कपलरच्या (तारांच्या जोडणीच्या खोबणीच्या) सैल पिनेत किंवा ईसीयूपर्यंतच्या वायरिंगमध्ये असेल. क्वचित ईसीयूतही असतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी बरीच वर्षे इलेक्ट्रिकल आणि डायग्नोसिसचे काम करीत आहे, आणि आमच्याकडे 'दोनदा कॉइल बदलली तरी मिसिंग (एखाद्या सिलिंडरचे इंधन न पेटणे) जात नाही' अशा तक्रारीने येणाऱ्या गाड्यांत दोष बहुधा कॉइलच्या बाहेरच सापडतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तपासणीची पद्धत येथे लिहीत आहे.

आधी कॉइल काय करते ते पक्के असावे. कॉइलमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी अशा तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. ईसीयू प्रायमरी गुंडाळीतून काही मिलिसेकंद प्रवाह वाहू देतो. तो साधारण सहा ते दहा अँपिअरपर्यंत चढतो आणि मग एकदम तोडला जातो. चुंबकीय क्षेत्र कोसळते, प्रायमरीवर तीनशे-चारशे व्होल्टचा धक्का उमटतो आणि प्रायमरीच्या सुमारे शंभरपट वेढे असलेल्या सेकंडरीत तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो. म्हणजे ठिणगी प्रवाह सुरू होताना पडत नाही, प्रवाह तुटताना पडते. हे ज्याला समजले त्याला पुढचे हेही समजते, की पुरवठ्याच्या तारेत थोडासा अडथळा आला तरी प्रवाह पुरेसा चढत नाही आणि कॉइल निर्दोष असूनही ठिणगी दुबळी पडते.

कोडच्या दोन कुळांत गल्लत करू नये. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड त्या त्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिसिंग, होत असल्याचे सांगतात, आणि मिसफायर इंजेक्टर, कॉम्प्रेशन, व्हॅक्यूम लीक यांपैकी कशानेही होतो. पी ०३५१ आणि पुढचे कोड मात्र विजेच्या सर्किटविषयी बोलतात. अलीकडच्या काही गाड्यांत पी २३०० किंवा पी २३०१ असे अधिक नेमके कोड येतात; पहिल्यात पहिल्या कॉइलची कंट्रोल तार खालच्या व्होल्टेजला अडकलेली असते, दुसऱ्यात वरच्या. सर्किटचा आणि मिसफायरचा कोड एकाच सिलिंडरसाठी एकत्र आले, तर सुरुवात सर्किटपासून करावी. काही गाड्यांत कॉइलचा दोष दिसताच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) जळू नये म्हणून ईसीयू त्या सिलिंडरचा इंजेक्टरच बंद करतो. ही गोष्ट माहीत नसलेला कारागीर इंजेक्टर चालत नाही म्हणून तो खोलून बसतो.

स्कॅनर लावण्याआधी मालकाशी पाच मिनिटे बोलावे. गाडी थंड असताना झटके मारते की गरम झाल्यावर, पेट्रोलवर की सीएनजीवर, सपाट रस्त्यावर की चढावर, अलीकडे इंजिन धुतले होते का, हे विचारावे. आमच्या भागात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो : गाडी रात्री कोठे उभी असते? मंगळवेढ्याकडच्या किंवा बार्शीकडच्या गावांत कडब्याच्या गंजीजवळ, धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे वायरिंग उंदीर कुरतडतात, आणि कुरतडलेली तार बऱ्याचदा इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात पोचणार नाही अशा ठिकाणी असते. सोलापुरात पाऊस कमी असल्याने नैसर्गिक ओलाव्याचा त्रास फारसा नाही. धूळ बसते म्हणून इंजिनावर प्रेशरने पाणी मारून घेण्याची हौस मात्र दांडगी, आणि ते पाणी प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, साचून राहते.

म्हणून कॉइल उचलल्यावर प्रथम विहिरीत डोकवावे. पाणी असेल तर हवेने उडवावे. तेल असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले आहे, आणि ते न बदलता नवी कॉइल बसवणे म्हणजे ग्राहकाला परत बोलावणे होय. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी त्या रेघेवरून अर्थिंगला जात आहे. अशी रेघ प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या रबरी बूटच्या आतल्या बाजूलाही तिच्या जोडीने उमटलेली असते. ती पुसून जात नाही. प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात, आणि एकच बदलला तर जुन्यावरची रेघ नव्यावर पुन्हा उमटते.

यानंतरची परीक्षा पुरवठ्याची. तिच्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. बॅटरी आधी पाहावी : इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग कॉइलचा कपलर काढून, इग्निशन चालू करून पुरवठ्याच्या पिनेवर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि 'करंट येतोय' असे म्हणून मंडळी पुढे जातात. मीटर जवळपास काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे केसाएवढा एक धागा शिल्लक असलेली तारसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. नळाला थेंब लोंबकळतो आहे म्हणून पाणी आले असे कोणी सोलापूरकर म्हणत नाही, घागर भरली तरच ते खरे. तारेकडून काम करवून घ्यायचे असेल तर पुरवठ्याची पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. बल्ब लख्ख पेटला आणि तो पेटलेला असताना मीटरवरचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडले नाही, तर पुरवठा चांगला.

याचे एक उदाहरण नमुन्यादाखल देतो. अक्कलकोटला भाविक नेणारी एक सीएनजी टॅक्सी आमच्याकडे आली. पी ०३५२ आणि पी ०३०२ हे दोन कोड होते, आणि दुसऱ्या क्रमांकाची कॉइल इतरत्र बदलून झाली होती. कपलर काढून मोजले तेव्हा १२.३ व्होल्ट होते. बल्ब लावला तेव्हा तो निखाऱ्यासारखा लालसर पेटला आणि मीटर आठ व्होल्टच्या आसपास उतरला. शेजारच्या कॉइलच्या कपलरवर तोच बल्ब पांढराशुभ्र पेटत होता, म्हणजे रिले आणि फ्यूज ठीक होते, दोष सगळ्या कॉइलना पुरवठा जेथून वाटला जातो त्या जोडापासून दुसऱ्या कॉइलपर्यंतच्या हातभर तारेत होता. तारेवरचे प्लास्टिक कोठेही फाटलेले नव्हते. बोटांच्या चिमटीत धरून इंच-इंच सरकत गेलो, तेव्हा कपलरच्या मागे, तार वळते त्या जागी ती एकदम लुळी लागली. वरचे आवरण चिरले, तर आतले तांबे हिरवे पडून तुटलेले आणि दोन-तीन धागे तेवढे धरून राहिलेले. तेवढा तुकडा काढून नवी तार डाग देऊन जोडली, वर हीटश्रिंक नळी बसवली आणि तार वळणावर ताणली जाणार नाही अशी बांधली. जुनी काढून टाकलेली कॉइल मालकाच्या डिकीत होती. ती लावून पाहिली, तीही नीट चालली.

पुरवठा पक्का झाला की अर्थिंग आणि ट्रिगर, म्हणजे ईसीयूचा ठिणगीसाठीचा इशारा. कॉइलला किती पिना आहेत यावर पद्धत ठरते. दोन पिनांची कॉइल असेल तर एक पुरवठ्याची आणि दुसरी ईसीयूकडून अर्थिंगला जोडली जाणारी असते. तीन पिनांच्या कॉइलमध्ये प्रवाह तोडणारा इग्नायटर आतच असतो आणि ईसीयू फक्त पाच व्होल्टच्या आसपासचा इशारा पाठवतो. चौथी पिन असेल तर काही कंपन्यांच्या गाड्यांत तीवरून ठिणगी पडल्याची पोच ईसीयूला परत जाते. येथे एक सक्त सूचना : पुरवठ्यासाठी वापरलेला २१ वॅटचा बल्ब ट्रिगरच्या तारेला कधीही लावू नये, ईसीयूचा ड्रायव्हर (इशारा देणारा त्याच्या आतला भाग) जळू शकतो. तेथे एलईडी टेस्टर, चांगला मीटर किंवा स्कोपच (विजेच्या बदलाचा आलेख दाखवणारे यंत्र) वापरावा. मीटरला फ्रिक्वेन्सीची सोय असेल तर हिशेब सोपा आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, म्हणून ८०० आरपीएमच्या आयडलिंगला साडेसहा हर्ट्झच्या वर थोडे वाचन यावे. एक कॉइल दोन सिलिंडरांना पुरवणाऱ्या जुन्या पद्धतीत त्याच्या दुप्पट. त्या जुन्या पद्धतीत एक आणि चार किंवा दोन आणि तीन असे जोडीने मिसिंग आले, तर त्या जोडीची कॉइल किंवा तिचे सर्किट आधी पाहावे.

ओहममध्ये रेझिस्टन्स मोजण्याला पुस्तकांत मोठे स्थान असले तरी मी त्याला दुय्यम मानतो. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी बहुधा अर्धा ते दोन ओहम असते, आणि स्वस्त मीटरच्या वायरीच पाव ओहम खातात. त्या आधी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो : २५ अंशांवरची कॉइल ८५ अंशांवर गेली की वाचन जवळजवळ पाव हिश्शाने चढते. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात, नुकत्याच बंद केलेल्या इंजिनावर मोजलेला आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून कॉइल रद्द करणे अन्यायाचे आहे. शेजारच्या तितक्याच गरम कॉइलशी तुलना करावी. तीन पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर आत असल्याने प्रायमरी अशी मोजताच येत नाही, आणि सेकंडरीत डायोड असेल तर चांगली कॉइलही मीटरवर 'ओपन' दाखवते.

याउलट कॉइलची अदलाबदल ही साधी युक्ती फार विश्वासाची आहे. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावली आणि कोड पी ०३५३ झाला, तर दोष कॉइलबरोबर गेला. पी ०३५२ च राहिला, तर तो वायरिंगमध्ये किंवा ईसीयूकडे आहे. प्लग मात्र त्याच वेळी हलवू नयेत, नाहीतर काय कशाबरोबर गेले ते कळत नाही. चालू इंजिनावरून कॉइल उपसून ठिणगी पाहण्याची जुन्या वस्तादांची सवय सोडून द्यावी. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलच्या आतले इन्सुलेशन फुटते, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर तापवते, आणि धक्का बसतो तो वेगळाच. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर या कामाजवळ थांबूच नये.

गरम झाल्यावर किंवा भाराखालीच येणारा दोष गॅरेजच्या फरशीवर सापडत नाही. सोलापुरात सीएनजीच्या गाड्या बऱ्याच आहेत, आणि सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की ही गरज आणखी वाढते. त्यामुळे शहरात निमूट चालणारी गाडी तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर झटके मारू लागते, आणि पेट्रोलवर टाकताच शांत होते. अशा वेळी प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, आधी पाहावी, कारण झिजून वाढलेली गॅप चांगल्या कॉइललाही दमवते. गॅप बरोबर असूनही झटके येत असतील तर स्कोप आणि करंट क्लॅम्प (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा चिमटा) लावावा. निरोगी कॉइलचा प्रवाह तिरप्या रेषेत चढतो; सुरुवातीलाच रेषा उभी उसळली तर आतले वेढे शॉर्ट झालेले आहेत, आणि रेषा लवकर आडवी होऊन कमी अँपिअरवर अडकली तर पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये रेझिस्टन्स आहे.

हत्यारांच्या खरेदीविषयी मुले नेहमी विचारतात. महागडा स्कॅनर पहिल्या पगारातून घेण्याची गरज नाही. बरा मल्टीमीटर, इंडिकेटरचा बल्ब होल्डरसह, एलईडी टेस्टर, ठिणगीचा टेस्टर आणि पिना न फाकवता आत जाणाऱ्या बारीक प्रोब एवढ्यावर सुरुवात होते. प्रोब जाड असली तर कपलरची पिन रुंदावते आणि तपासणाराच नवा लूज कॉन्टॅक्ट निर्माण करून ठेवतो. स्कोप नंतर घ्यावा, दोन चॅनलचा पुरतो. दुरुस्तीनंतर कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा डेटा (दोष आला त्या क्षणीच्या इंजिनाच्या नोंदी) वहीत उतरवावा, कारण पुसताच तोही जातो. मग ज्या आरपीएमला, ज्या भाराला आणि ज्या इंधनावर दोष आला होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून आणावी, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड पुन्हा पाहावे, आणि त्यानंतरच किल्ली मालकाच्या हाती द्यावी.