ताई-दादा धाकट्याला खेळायला घेतात तेव्हा या चुका टाळा

बालवाडीत पालक हमखास तक्रार करतात, ‘मोठी याला खेळात घेतच नाही.’ बहुतेक घरांत तिने घेतलेलं असतं, खेळ मोडतात मोठी माणसं.

सदाशिव पेठेतल्या एका घरी हे डोळ्यांदेखत पाहिलं. ताई सहा वर्षांची, भाऊ पावणेदोनचा. चार पाट ओळीत मांडून पीएमटी, म्हणजे पुण्याची शहर बस, सुरू झाली. ताई कंडक्टर. जुन्या बिलाचा तुकडा फाडून तिने तिकीट दिलं, त्याने ते तोंडात घातलं. ती शांतपणे म्हणाली, ‘तिकीट खाल्लंत? आता दुसरं घ्या.’ तो खिदळला आणि त्याने हात पुढे केला. तेवढ्यात आजोबा म्हणाले, ‘अगं, स्वारगेटची बस इकडून जात नाही.’ बाबांनी मोबाइल काढला, ‘परत म्हण ना, तिकीट तिकीट!’ ताई लाजली, धाकटा मोबाइलकडे धावला. संपली बस. वर ऐकवलं, ‘दोघांचं जमतच नाही बघा.’

मला याचा फार राग येतो. त्या वयाचं मूल रिकाम्या कपातून चहा पितं, बाहुलीला भरवतं, पण सलग गोष्ट त्याला रचता येत नाही. ती मोठं भावंड पुरवतं. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांचा घरातला खेळ पाहिला. १९८४ साली छापलेल्या त्या अभ्यासात आया बहुतेक बाहेरून सुचवत होत्या, भावंडं मात्र भूमिका घेऊन खेळात उतरत होती. म्हणून तोंड मिटा आणि मोबाइल ठेवा.

दुसरी चूक मोठ्या भावंडांची: धाकट्याला कायम ‘तू बाळ, झोप’. तो दोन मिनिटांत उठून भातुकली उधळतो. मी ताईच्या कानात सांगते, ‘याला काम दे.’ ओतणं, वाटणं, घंटी वाजवणं. एवढ्यावर तो टिकतो.

‘तू मोठी ना, देऊन टाक’ हे बंद करा. ‘याला खेळव, मला काम आहे’ ही राखण झाली, तिला खेळ म्हणू नका.

महागडा किचन सेट नको. डबे, वाट्या, ओढणी पुरते. तुळशीबागेतली पितळी भातुकली देखणी, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे तिच्यातली बारकी भांडी ठेवू नका. घशात अडकतात.

खेळ अगदीच अडला तर मी गिऱ्हाईक होऊन दार वाजवते, ‘चहा मिळेल का?’ धाकट्याच्या हातचा कप रिकामा करते, पैसे देते आणि उठते. अधीर पालक तिथेच बसून राहतात, आणि मग खेळ त्यांचा होतो.